धुराला विटाळ नसतो

चैत्र वद्य ६, शके १८०६

"मुलगी बरी आहे, पण नाक जरा मोठं आहे हो!" – मला बघायला आले तेव्हा मामंजी म्हणाले होते. मी नऊ वर्षांची. ठाण्याला आमच्या ओटीवर, पानाचं तबक मधे, मी मान खाली घालून. माझे वडील पंतोजी, ते हसून म्हणाले, "श्वासाला अडचण पडायची नाही." सगळे हसले. मी आत जाऊन आरशात पाहिलं आणि रडले.

मामंजी जाऊनही खूप वर्षं झाली. आज असते तर त्यांना म्हटलं असतं – या नाकावर तुमचं घर चाललंय!

खोटं नाही. ह्यांची लाकडाच्या वखारीतली कारकुनी गेली, वखारच बुडाली. चार महिने हे ओटीवर बसून नुसते रस्त्याकडे बघायचे. मग दिवाळीला मी देवापुढे घरची उदबत्ती केली, माझ्या आईच्या हातची असायची तशी. शेजारचे विचारायला आले, कुठून आणली? ह्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी हललं. तेव्हापासून धंदा आहे. चंदन, वाळा, नागरमोथा, गवला, कचोरा, कापूरकाचरी – काय किती घालायचं ते मी हुंगून ठरवते. पीठ मीच मळते. काड्यांवर वळायला गोदावन्सं असतात, ह्यांची विधवा बहीण. विकायचं, फिरायचं, बोलायचं काम ह्यांचं. बोलण्यात ह्यांचा हात धरणारा कल्याणात नाही.

पण ह्यांना वास येत नाही! तपकीर ओढून ओढून नाकाचा नुसता बोगदा झालाय. तपकीर ओढणाऱ्यानं उदबत्तीचा धंदा काढावा – हे मी कुणाजवळ बोललेले नाही. इथे लिहिते.

इथे म्हणजे मागच्या पडवीत. आज सकाळपासून बाजूला बसले आहे. चार दिवस कशाला शिवायचं नाही. उदबत्तीला तर नाहीच, देवापुढची वस्तू. ही वहीसुद्धा इथेच असते, घोंगडीच्या वर खुंटीला. बाजूला बसलेलीची वही! घरातलं कुणी तिला हात लावत नाही. आमच्या कुठल्याच पेटीला इतकं चांगलं कुलूप नाही.

चैत्र वद्य ७

टिटवाळ्याच्या पुजाऱ्यांना उद्या माल द्यायचा ह्यांनी कबूल केलाय. मी इकडे. म्हणून आज हे स्वतः मळायला बसले. परातीचा आवाज इथपर्यंत येत होता. आणि वासही.

कचोरा जास्त! पडवीचं दार बंद, मधे माजघर, तरी नाकात शिरला. राहवलं नाही. मोठ्यानं म्हटलं, "सासूबाई, तिकडे सांगावं, कचोरा फार झालाय!"

सासूबाई तिकडूनच ओरडल्या – "चार दिवस जिभेला तरी विश्रांती दे गं! बापू, तुझी बायको म्हणते कचोरा जास्त."

हे म्हणाले, "आई, तिला सांग, भिंतीपलीकडून वास घेणारी बाई अजून जन्माला आलेली नाही."

चैत्र वद्य ८

हे टिटवाळ्याहून परत आले. पिशवी तशीच भरलेली. पुजारी म्हणाले म्हणे – "पंत, मूर्ती दगडाची म्हणून जागेवर राहिली. माणूस असता तर उठून बाहेर गेला असता!"

हे मला सांगितलं गोदावन्संनी, दाराआडून, पदरात तोंड खुपसून हसत. मग म्हणाल्या, "दादा जेवला नाही अजून." मग दोघीही हसायच्या थांबलो.

वैशाख वद्य ४

पुन्हा पडवी. मधला महिना चांगला गेला. टिटवाळ्याला मी नवा माल करून दिला. पुजारी म्हणाले, "पंत, आता बसा, पाणी घ्या." म्हणजे माफी झाली! कल्याणात पारनाक्यापासून बंदरापर्यंत ह्यांना लोक थांबवून पुड्या मागतात. वखारीत असताना ह्यांची मान खाली असायची. हल्ली ओटीवर चालतानाही वर असते. परवा चौकटीला डोकं आपटलं.

आज मागच्या दारी बायजा आली. मानपाड्याची. शेताच्या बांधावरून नागरमोथा खणून आणते, टोपलीभर. एरवी तिची टोपली मी लांबून घेते. ती अंगणात ठेवते, मग मी पाणी शिंपडून उचलते. आज मीच अंगणाच्या कडेला बसलेली. बायजा समोर ऐसपैस बसली.

"वयनी, बाहेर बसलाव का? बरा झाला. बोलाया तरी गावलाव! आज तुमी न आमी सारक्या."

मी हसले. पण ते मनात राहिलं. चार दिवसांत मला उंबऱ्याबाहेरचं पान वरून वाढतात, तसं तिला वर्षभर. असा विचार आजवर का आला नाही? मोठं नाक आहे, त्यामानानं डोळे बारीकच दिले देवानं.

बायजानं वहीकडे बोट केलं. "ह्या काय लिवताव?"

म्हटलं, "मनातलं."

"कोन वाचतं?"

"कुणी नाही."

"मग बेस हाय," म्हणाली. "माजा मनातला मी म्हशीला सांगतू. ती पन कुनाला सांगत नाय."

वैशाख वद्य ६

निवांत. घरात वळायचं काम चाललंय, गोदावन्सं आणि गल्लीतली शेवंती. पाटावर हात घासल्याचा आवाज, एकसारखा. मी इथे भिंतीला टेकून. कुणी हाक मारत नाही. असा दिवस कधी आवडेल असं वाटलं नव्हतं.

ज्येष्ठ वद्य ३

मोठी गोष्ट! काल मुंबईचे शेट घरी आले. भुलेश्वरात देवाच्या सामानाचं मोठं दुकान. आमच्या पुड्या कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत गेल्या आणि ते स्वतः गाडीनं कल्याणला आले! ओटीवर बसले, घाम पुसत. मी आजच बाजूला बसले. काल अजून घरात होते, म्हणून दाराआडून सगळं ऐकलं.

शेट म्हणाले, "परशुरामपंत, तुमच्या मालाला दोन बाप हाय काय?"

(ह्यांचं नाव मी लिहायला नको होतं. पण ते शेटचे शब्द आहेत, माझे नाहीत.)

हे दचकले. शेटनी दोन पुड्या काढून पुढे ठेवल्या. "ही एक पुडी, वा! देवलात बसल्यासारखा वाटते. आणि ही दुसरी – धर्मशालेत बसल्यासारखा! दोन्हीवर नाव तुमचा. गिऱ्हाईक मला विचारते, शेट, भेसल करते काय?"

दुसरी पुडी चैत्रातली. ती सगळी परत आली होती, पण ह्यांना माल टाकवत नाही. थोडी कुठेतरी विकली असणार. मी बाजूला बसते त्या दिवसांतला माल आणि इतर दिवसांतला माल – कोणीही ओळखावा इतका फरक.

शेटचं म्हणणं असं: श्रावणाच्या आत दोन खेपा माल द्यायचा. दोन्ही खेपांचा वास एक निघाला तर वर्षभर आमचा सगळा माल ते घेणार. गणपतीपासून सुरुवात. नाही निघाला तर – "तर पंत, तुम्ही कल्याणातच चांगला."

शेट गेल्यावर हे बराच वेळ ओटीवर उभे होते. वखार बुडाल्यावर बसायचे त्याच जागी. मला भीती वाटली.

ज्येष्ठ वद्य ५

पहिली खेप मी घरात आले की करणार. ती आपली. प्रश्न दुसरीचा. चंदन मैसूरकडून यायचंय, आषाढाच्या मध्याशिवाय येत नाही म्हणतात. आणि आषाढाच्या मध्याला मी कुठे असणार ते या पडवीला पाठ आहे.

ह्यांनी आज तपकिरीची डबी परसात भिरकावली. सासूबाई म्हणाल्या, "आता नाक उघडेल." संध्याकाळी हे कंदील घेऊन अळवाच्या पानांत काहीतरी शोधताना दिसले.

आषाढ शुद्ध १४

जे व्हायचं तेच झालं. चंदन काल आलं. मी आज बाजूला. पहिली खेप मुंबईला पोचली आहे, शेटचा निरोप – "हा पहिला बाप. आता दुसरा पाठवा." पुढच्या चार दिवसांत दुसरी केली नाही तर सुकायला वेळ नाही. या दमट हवेत तशीच पिशवीत घातली तर बुरशी.

दुपारी घरात सामसूम झाल्यावर हे मागच्या अंगणात आले. माझ्याकडे बघेनात. जास्वंदीकडे बघत म्हणाले, "एकदाच. तुझे हात एकदाच. कुणाला कळणार आहे?"

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं आठवतं. "मला कळेल. आणि ज्याच्यापुढे जळणार त्याला."

हे वळले. पाय ओढत गेले. मला रडू आलं. शेटचा माल हातचा गेला तर हा माणूस पुन्हा ओटीवर बसेल आणि या खेपेला उठणार नाही, हे मला दिसतंय. पण देवाच्या वस्तूत चोरी कशी करू? ह्यांच्यासाठी मी उपाशी राहीन, दागिने देईन, उन्हात उभी राहीन. हे एवढं होत नाही. हट्ट आहे का माझा? ठाऊक नाही. हात पुढेच जात नाही, एवढं खरं.

आषाढ शुद्ध १५

काय दिवस उजाडला!

सासूबाईंनी काल सगळं ऐकलं होतं. सकाळी ह्यांना माजघरात उभं केलं. "बापू, लाज नाही वाटली? बायकोला चोरी शिकवतोस – ती पण देवाच्या दारात?" मग जपमाळ घेऊन बसल्या. गोदावन्संनी विचारलं, आई, भात टाकू का? तर नुसता हात हलवला. मला वाटलं, आता आपलंही काही खरं नाही.

दुपारी माळ खाली ठेवली आणि पडवीच्या दाराशी आल्या. आजवर या दिवसांत दाराशी येऊन माझ्याशी बोललेल्या मला आठवत नाहीत.

"ऐक गं. हाताला विटाळ आहे. पानाला, पाण्याला, वस्त्राला आहे. हे मी सोडायची नाही."

"हो, सासूबाई."

"पण धुराला विटाळ नसतो. धूर इकडून तुझ्याकडे जातो. परत येतो का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग झालं! आणि नाकाला कुणी अडवायचं? देवानंच त्याला दार ठेवलेलं नाही." मग आत वळून – "गोदे! परात घे. हात तुझे, नाक हिचं!"

आणि सुरू झालं! गोदावन्सं माजघरात मळायला. चिमूटभर पीठ काडीला लावून निखाऱ्यावर सुकवायचं, पेटवायचं आणि सासूबाई दारात सूप घेऊन धूर माझ्याकडे वारायच्या. चौसष्ट वर्षांची म्हातारी, नऊवारी खोचून, सुपानं वारा घालतेय आणि ओरडतेय – "आला का? आला का गं?"

"आला! वाळा कमी आहे!"

"गोदे, वाळा!"

"वहिनी, किती?"

"मूठ नको, अर्धी!"

हे मधे उभे, कुणाच्या कामाचे नाहीत. सासूबाईंनी त्यांनाही सूप दिलं. "नाक नाही तर हात तरी चालव!" म्हणून हेही वारायला लागले. एकदा धूर त्यांच्याच तोंडावर गेला आणि शिंकांवर शिंका. गोदावन्सं परातीवर वाकून हसत होत्या. मळताना हसू नये म्हणतात, तरी हसत होत्या.

गवला. कापूरकाचरी, अगदी थोडी. मग पुन्हा चंदन. शेवटी एक धूर असा आला की मी डोळे मिटले. आईचं देवघर. ठाण्याचं.

"हाच!" मी ओरडले. "हाच! आता काही घालू नका!"

सासूबाईंनी सूप टेकलं आणि उंबऱ्यावरच बसल्या. दमल्या होत्या. मला शिवण्याइतक्या जवळ होत्या. त्यांना भान नव्हतं, मला होतं. मी सरकून बसले.

आषाढ वद्य १

गल्लीत कुजबुज – गोदासारखीच्या हातची उदबत्ती देवाला? शेवंतीनं येऊन सांगितलं. सासूबाई ओटीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या: "तिच्या हातचा भात नैवेद्याला चालतो, मग धुराला काय झालं?" पुढे कुजबुज ऐकू आली नाही.

श्रावण शुद्ध १२

जिंकलो!

शेट स्वतः आले. दोन्ही खेपांतली एकेक पुडी आणली होती. म्हणाले, "मी डोळे बंद करून लावला. दुकानातल्या सगल्यांना लावला. कोणाला कलला नाही पहिला कुठला न दुसरा कुठला! पंत, एकच बाप!"

वर्षभराचं ठरलं. शेटनी विचारलं, "पण हा वास सांभालते कोण?" ह्यांनी मान वर केली. मला वाटलं आता "मीच" म्हणतील, आणि म्हटलं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं. पण हे म्हणाले, "आमच्या घरात."

एवढंच. पण आमच्या घरात म्हणताना डोळे माजघराच्या दाराकडे. मी दाराआड होते. सासूबाई म्हणाल्या, "नारळ आण बापू, शेटना दे." शेटना साखर दिली, ह्यांना दिली. मग आत येऊन गोदावन्संच्या हातावर साखर ठेवली. मग माझ्याही. हे सगळं परवा झालं. मी आज पुन्हा पडवीत आहे, आणि इथे बसून अजून हसतेय.

आश्विन वद्य ३

भाद्रपदात पडवी भेटली नाही. महिना असाच गेला. गणपतीत मी घरातच होते. मूर्तीपुढे पहिली उदबत्ती मी लावली आणि धूर सरळ वर गेला.

वही खुंटीवरच. मधे एकदा अंगणातून जाताना दिसली. हात लावावासा वाटला, पण मी तेव्हा घरातली होते.

एक गंमत लिहायची राहिली. शेटचं ठरल्यावर ह्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? मला वाटलं, ओटीला फरशी. सासूबाईंना वाटलं, काशी. ह्यांनी गवंडी आणला आणि पडवी व माजघर यांमधल्या भिंतीला खिडकी पाडली! सासूबाईंना म्हणाले, "आई, तुझ्या सुपाला किती राबवायचं? धूर आता आपला आपण जाईल." आणि मग हळूच, सासूबाई आत गेल्यावर, माझ्याकडे न बघता – "उजेडही येईल. काय लिहितेस ते लिहायला."

त्यांना ठाऊक आहे! कधीपासून? वाचलं नाही, ते मला माहीत आहे. हात लावलेला नाही. पण ठाऊक आहे.

खिडकीतून आत्ता गोदावन्संचे हात दिसतात. आता त्या मला विचारत नाहीत. धूर पाठवतात आणि भुवया उंचावतात. मी मान हलवते. बस्स.

मार्गशीर्ष शुद्ध ८

पुन्हा मधे एक महिना रिकामा गेला. वय झालं. चाळिशी ओलांडली.

सांगायला इतकं साठलंय की कुठून सुरू करू! गल्लीतल्या सहा घरांत काड्या वळायला जातात. शेवंती वळणाऱ्यांवर मुकादम झालीय आणि तिच्या नवऱ्यापेक्षा मोठ्यानं बोलते. बायजा एकटी येत नाही, मानपाड्याच्या चार बायका टोपल्या घेऊन येतात. माजिवड्याहून एक म्हातारा वाळा आणतो. गोदावन्संनी परवा माझ्याआधी ओळखलं – "वहिनी, हा मोथा ओल्या जागेतला आहे, धूर काळा येईल." मी हुंगलं. खरं होतं! त्यांना मिठी मारली. त्या सोवळ्यात होत्या, त्यांना पुन्हा आंघोळ करावी लागली. रागावल्या नाहीत. विहिरीवर गाणं म्हणत होत्या. वन्सं! ज्यांना मी तीस वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

हे ठाण्याला जाऊन आले. तिथे कचेरीजवळच्या दुकानातही आता आपला माल. दुकानदारानं विचारलं, कल्याणची उदबत्ती ती हीच का? कल्याणची! हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. वखारीतला जुना सोबती नाथा तिथे भेटला, म्हणाला, "बापूराव, तुझ्या अंगाला देवळाचा वास येतो." हे म्हणाले, "वास मला येत नाही. पण असेल." आणि दोघं रस्त्यात उभे राहून हसले.

ह्यांना आनंदात बघण्यासारखं सुख नाही. हे मी चारचौघांत बोलणार नाही. इथे लिहिते.

पण थकते. घरात असते तेव्हा पहाटेपासून कुणीतरी काडी घेऊन उभं असतं. वहिनी, हा बघा. काकू, हा बघा. अगं, हा बघतेस का? जेवताना, केस विंचरताना. परवा देवापुढे डोळे मिटले होते, तर कुणीतरी नाकाखाली धूर धरला. नमस्कार करता करता मी म्हटलं, "राळ जास्त."

मार्गशीर्ष शुद्ध १०

सकाळभर काही केलं नाही. खिडकी लावून घेतली. उन्हाचा पट्टा भिंतीवरून घोंगडीवर आला, घोंगडीवरून माझ्या पायांवर. अंगणात भारद्वाज. त्याचा आवाज दूरचा वाटतो, मडक्यातून आल्यासारखा. या घरात बत्तीस वर्षं आहे, तो आधीही बोलतच असेल.

वडिलांनी शिकवलेले श्लोक आठवत बसले. निम्मे आठवले. उरलेले उद्या आठवीन.

माघ वद्य ५

पौष असाच गेला होता. आज पडवीत आले तर सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा? मला वाटलं सुटलीस."

शेटना दुप्पट माल हवा आहे. हे हो म्हणाले. मग माझ्याकडून होकार मागितला – आईमार्फत, रीतसर! मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. गोदावन्संनी तर आधीच चंदन मागवलं होतं.

आत्ता खिडकीतून हसण्याचा गलका येतोय. शेवंती कुणाची तरी नक्कल करतेय, बहुतेक शेटची. घरात एवढं हसू कधीच नव्हतं. आणि मी त्यात नाही, तरी मला पुरेसं ऐकू येतंय. हेच मला आवडतं वाटतं – आनंद भिंतीपलीकडे असावा आणि तो आपला असावा.

श्रावण शुद्ध ८, शके १८०७

आज मला इथे कुणी बसवलेलं नाही. माघानंतर पडवी नाही. सासूबाईंनी नागपंचमीला सगळ्यांदेखत जाहीर केलं, "सुटली बाई माझी सून!" आणि शेवंतीकडून माझी ओटी भरवली. गोदावन्संना आनंद. ह्यांना तर किती! "आता बारा महिने, तीस दिवस!" शेटना आणखी माल कबूलही करून झाला. उद्या सुतार येतोय. पडवीला फळ्या ठोकून पुड्या ठेवायच्या. घोंगडी बायजाला देऊन टाकायची ठरली. मीही सगळ्यांबरोबर हसले, आणि ते हसू खोटं नव्हतं.

उद्या, सुतार यायच्या आत, ह्यांना विचारणार आहे. सासूबाईंमार्फत नाही, स्वतः, तोंडावर. नाही म्हणतील. आधी समजणार नाही, मग हसतील, मग शेटचं नाव काढतील, मग नाहीच म्हणतील. तरी विचारणार:

महिन्यातले चार दिवस मला कुणी शिवू नका.